भुयार स्टुडिओची विद्यार्थिनी

"तू यंदा नापास झाली तर कसं राहीन?" बाबांनी आईला विचारलं.

आई चुलीपाशी पाठमोरी भाकरी थापत होती. तिचा हात थांबला नाही. माझ्या हातातला घास मात्र ताटात पडला, कारण असं आईबापांनी मुलांना विचारलेलं मी ऐकलं होतं, तेही चप्पल हातात घेऊन. नवऱ्यानं बायकोला, तेही इतक्या लाडीगोडीनं विचारलेलं पहिल्यांदाच ऐकत होते.

"कायात?" आई म्हणाली.

"बी.ए.त."

"पूर्ण, का एखाद्या विषयात?"

"एखाद्यात पुरते," बाबा म्हणाले. भाजीत मीठ जरा बेतानं घाल, असं सांगावं तसा त्यांचा आवाज होता.

हे कळायचं तर माझ्या वडिलांविषयी थोडं सांगावं लागेल. मधुकरराव भुयार हे परतवाड्यातले शेवटचे प्रामाणिक फोटोग्राफर. ही पदवी त्यांना कुणी दिलेली नव्हती, ते स्वतःच सांगायचे. नवरी सावळी असेल तर फोटोतही सावळीच निघाली पाहिजे, असा त्यांचा बाणा. त्यामुळे अर्धी गिऱ्हाइकं रस्ता ओलांडून समोरच्या दुकानात जायची आणि तिथून गोरी होऊन परत यायची. उरलेल्या अर्ध्यांना मी बाबांच्या पाठीमागे गुपचूप उजळवून द्यायचे, म्हणून आमचं घर चाललं होतं. मी बी.कॉम. झाले होते आणि फोटो दुरुस्त करणं हेच काय ते मला येत होतं.

रोलचे कॅमेरे गेले, तेव्हा दुकानात कॉम्प्युटर आला. त्यात ऑपरेटिंग सिस्टीम टाकायची होती. ही म्हणजे काय, असं बाबांनी विचारलं तेव्हा मी म्हटलं, घरात आई उठते आणि मग बाकीच्यांना उठवते, तशी. ती नसली तर सगळं नुसतंच पडून राहतं. बाबांना ते लगेच पटलं.

बाजारात ही सिस्टीम टाकायचं काम रजिकभाईकडे होतं. त्याच्या शर्टाच्या खिशात एक सीडी असायची आणि त्या एका सीडीवर सदर बाजारापासून बसस्टँडपर्यंतची सगळी दुकानं चालायची. बाबांनी विचारलं, "हे आपल्या मालकीचं आहे का, रजिकभाई?" रजिकभाईला प्रश्नच समजला नाही. "साब, सीडी मेरी है," तो म्हणाला. बाबांनी त्याला चहा पाजून परत पाठवलं. चोरीचा माल दुकानात नको. मग अस्सल सिस्टीमची किंमत विचारली आणि ती ऐकून स्टुलावर बसून राहिले. दोन दिवस कॉम्प्युटर तसाच प्लास्टिकमध्ये.

तिसऱ्या दिवशी ते कॉलेजात ओळखपत्राचे फोटो काढायला गेले आणि तिथल्या फळ्यावर त्यांना सूचना दिसली. कॉलेजनं कंपनीशी करार केला होता. विद्यार्थ्यांना अस्सल सिस्टीम अगदी नाममात्र दरात. एका विद्यार्थ्याला सिस्टीम सुरू करायचा एक नंबर, एका कॉम्प्युटरपुरता. बाबा कॅमेरा गळ्यात तसाच ठेवून घरी आले आणि घरात विद्यार्थी कोण सापडतं, ते पाहू लागले. मी वर्षापूर्वीच पास होऊन निकामी झाले होते. स्वतःविषयी ते म्हणाले, "मी घेतली असती ॲडमिशन, पण मंग दुकान कोण पाहीन?" मग त्यांची नजर आईवर गेली. आई अंबाडी निवडत होती. ती बारावी पास होती. निकाल लागला त्याच उन्हाळ्यात तिचं लग्न झालं होतं.

"सिंधू, तुले बी.ए. करा लागते," बाबा म्हणाले.

"आज?" आई म्हणाली.

अशा रीतीनं आमच्या घरात उच्च शिक्षण आलं.

सीडीसोबत अटींचा कागद होता. तो बाबांनी डिक्शनरी घेऊन वाचला आणि आम्हाला मोठ्यानं वाचून दाखवला. कॉम्प्युटर विद्यार्थ्याच्या मालकीचा हवा. त्यांनी बिल बदलून आईच्या नावावर करून घेतलं. वापर विद्यार्थ्यानं करावा. म्हणून रोज सकाळी दुकान उघडताना आईनं यायचं आणि कॉम्प्युटरचं बटन दाबायचं, असं ठरलं. आई यायची, बटन दाबायची, "झालं?" म्हणायची. बाबा "झालं" म्हणायचे आणि ती घरी स्वयंपाकाला जायची. वापर अभ्यासासाठी असावा, अशीही अट होती. त्यावर बाबा रात्री जेवताना तिला दिवसभराचं काम सांगायचे. आज पासपोर्ट फोटो इतके, एक बारसं, एक साक्षगंध. हा तिचा अभ्यास.

"बाबा, हे सरळसरळ फसवणं आहे," मी एकदा म्हटलं.

"फसवायचंच असतं, तर रजिकभाईची सीडी काय वाईट होती?" बाबा म्हणाले.

मधल्या काळात आई खरोखरच कॉलेजात जात होती. म्हणजे जात असावी. दुपारी भांडी झाली की ती साडी बदलायची आणि पिशवी घेऊन निघायची. येताना भाजी आणायची, म्हणून आम्ही ते भाजी आणण्यातच धरत होतो. तिची पुस्तकं पिठाच्या डब्यावर असायची. पहिल्या वर्षी ती पास झाली तेव्हा बाबा म्हणाले, "बरं झालं, नाव पटावर राहिलं." दुसऱ्या वर्षी पास झाली तेव्हा काही म्हणाले की नाही, आठवत नाही.

तिसऱ्या वर्षी मार्चमध्ये एका दुपारी लोडशेडिंग संपलं आणि लाईट आली ती अशी आली, की दुकानातली ट्यूब फुटली, पंखा भिंगरीसारखा फिरला आणि कॉम्प्युटरमधून धूर निघाला. रजिकभाईनं खोका उघडला, आत वाकून वास घेतला आणि म्हणाला, "भुयारसाब, ये तो गया." लग्नसराई तोंडावर होती. बाबांनी दोनच दिवसांत नवा कॉम्प्युटर आणला, त्याचंही बिल आईच्या नावानं केलं, आईनं येऊन बटन दाबलं आणि मी सीडी घालून नंबर टाकला. नंबर नाकारला गेला. पडद्यावर इंग्रजीत लिहून आलं, की हा क्रमांक दुसऱ्या संगणकावर वापरात आहे, आपल्या संस्थेशी संपर्क साधा.

"दुसरा तर जळाला!" बाबा पडद्याला म्हणाले.

रजिकभाईनं खिशातली सीडी दोन बोटांनी अर्धवट वर काढून दाखवली. "लगा दूँ?" बाबांनी हात जोडले. त्यानं ती परत खिशात ढकलली.

कॉलेजात हे सगळं ढोले सर पाहायचे. कॉम्प्युटर लॅब त्यांच्या ताब्यात होती आणि विद्यार्थी आत येऊन एसीची हवा बाहेर घालवणार नाहीत, याकडे त्यांचं कडक लक्ष असे. मी आणि बाबा त्यांच्यापुढे उभे राहिलो.

"नंबर नव्या मशीनवर नेता येतो," सर म्हणाले. "पण एक तर जुन्यावरून काढला पाहिजे."

"जुनं जळालं, सर."

"मग निघालाच. दुसरं, ज्याच्या नावावर आहे तो विद्यार्थी स्वतः हजर पाहिजे. आणि तिसरं म्हणजे तो तेव्हा शिकत असला पाहिजे. एकदा शिकून बाहेर पडला की नंबर आहे त्या मशीनवर राहतो, पण नव्यावर हलवून मिळत नाही."

"मंग आजच आणतो तिले!"

"आज कुठून? नंबर हलवायची यंदाची मंजुरी कंपनीकडून येते जुलैत. जुलैत या."

"पण सर, एप्रिलमध्ये तिची फायनल आहे. जुलैत तर ती..." बाबा थांबले.

"पास झाल्या तर मग नाही जमणार," सर म्हणाले आणि दार लावून घ्या म्हणाले, हवा जाते.

त्या संध्याकाळी जेवताना त्यांनी आईला तो प्रश्न विचारला.

आईनं भाकरी तव्यावर टाकली, हात पुसले आणि आमच्याकडे तोंड केलं. "गैरहजर राहू, का बसून नापास होऊ?"

बाबांनी यावर खरोखर विचार केला. "बसून," ते म्हणाले. "गैरहजर राहणं म्हणजे टाळाटाळ झाली. बसायचं, पण लिहायचं नाई. इंग्रजीचा पेपर सोड ना. तसंही तुले जड जात असेन."

"इंग्रजीत मले चांगले मार्क आहेत."

"असं का?" बाबांना मनापासून आश्चर्य वाटलं. "मंग तुझ्या मनानं कोणताही."

"अर्थशास्त्र शेवटी आहे. त्यात होतो."

"शब्द?"

"हाव," आई म्हणाली आणि भाकरी उलटली.

मला राग आला, तो भांडी घासताना बाहेर पडला. "आई, तू हो कशी म्हणते? तीन वर्षं उन्हातान्हात गेली तू!"

"मंग काय म्हणू? दुकान बंद ठेवा म्हणू? तुझंही काम त्याच्यावरच आहे ना, माय."

हे खरं होतं, म्हणून मला आणखी राग आला. दुसऱ्या दिवशी मी दुकानात बाबांशी भांडले. नवा कॉम्प्युटर टेबलावर होता, त्यावर आईनं भरतकाम केलेला रुमाल टाकलेला. मी म्हटलं, "बाबा, तुमच्या बायकोच्या डिग्रीचा सवाल आहे."

"डिग्री कुठं पळून जाते? पुढच्या वर्षी होईन पास."

"आणि पुढच्या वर्षी हा जळाला तर?"

बाबांनी नव्या कॉम्प्युटरकडे पाहिलं. मला वाटलं, जिंकले. मग त्यांनी खिशातून कागद काढून स्टॅबिलायझरचे भाव विचारायला मला रजिकभाईकडे पाठवलं.

आई मात्र अभ्यास करत होती. हे मी आधी कधी नीट पाहिलंच नव्हतं. वरण शिजेपर्यंत ती चुलीजवळ पुस्तक धरून उभी राहायची, ओठ हलायचे. कणीक मळताना मागणीचा नियम, कपडे वाळत घालताना व्याजाचे सिद्धांत. एकदा मी तिला पकडलंच. ती अर्थशास्त्र वाचत होती.

"नापास व्हायले एवढा अभ्यास लागते का?"

"कोणते प्रश्न लिहायचे नाई, ते माहीत नको?" आई म्हणाली आणि पान उलटलं.

शेवटच्या पेपरला बाबा तिला स्वतः स्कूटरवर घेऊन गेले. तीन वर्षांत पहिल्यांदा. पाण्याची बाटली भरून दिली, डोक्याला रुमाल बांध म्हणाले, ऊन फार आहे. मुलाला पहिल्या दिवशी शाळेत सोडावं तशी काळजी. निघताना मी दारात होते. बाबा तिला म्हणत होते, "घाबरू नको. नुसतं बसायचं आहे."

दुपारी ती चालत परत आली. बाबा दुकान बंद करून घरी येऊन बसले होते. आईनं चप्पल काढली, माठातलं पाणी प्यायली, पदरानं तोंड पुसलं.

"झालं?" बाबांनी विचारलं.

"झालं."

"काही लिहिलं तर नाई ना?"

"नंबर लिहिला. विषय लिहिला."

"ते तर लिहाच लागते. अन्?"

"अन् जे येत होतं ते लिहिलं."

"किती येत होतं?"

"सगळंच."

पंखा घरघरत होता. मला हसायला आलं आणि मी ते दाबलं, कारण बाबांचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. ते उठून उभे राहिले. "सिंधू, तू शब्द दिला होता मले."

"हाव. दिला होता."

"मंग?"

"मोडला," आई म्हणाली. मग ती भिंतीला टेकून खालीच बसली. "अर्धा तास बसली होती मी तशीच. हात मांडीवर ठेवून. पोट्ट्या आजूबाजूले पेनं चावून राहिल्या होत्या, एकमेकीच्या पेपरात पाहून राहिल्या होत्या. मले समोरचा एकूण एक प्रश्न येत होता. अन् मी कोरा पेपर घेऊन बसली होती. देखरेखीच्या बाई आल्या, म्हणे काकू, बरं नाई वाटत का? मले रडायलेच आलं. एवढी मोठी बाई अन् तथी पोट्ट्यांच्या मधात रडून राहिली, कसं दिसते ते? म्हणून मंग पेन उघडला. एकदा उघडल्यावर काई थांबता आलं नाई."

बाबा आत गेले, कपडे बदलले आणि दुकानात जाऊन नुसतेच बसले. लग्नाच्या ऑर्डरी त्यांनी स्वतःच समोरच्या दुकानाकडे पाठवल्या. मे महिना आमच्या घरात फार शांततेत गेला. बाबा आईशी बोलायचे, पण मीठ द्या, पाणी द्या, असं. बायकोला 'द्या' म्हणायला लागलेला माणूस किती चिडलेला असतो, ते आमच्याकडच्या कुणालाही विचारा.

त्यांना अजून एक आशा होती. "लिहिणं वेगळं अन् बरोबर असणं वेगळं," ते मला एकदा म्हणाले. परतवाड्यात त्या वर्षी बायको नापास व्हावी म्हणून देवापुढे उदबत्ती लावणारे एकटे बाबाच असतील.

जूनमध्ये निकाल लागला. आई फर्स्ट क्लासमध्ये पास झाली. अर्थशास्त्रात कॉलेजात पहिली.

बाबांनी पेढे आणले. पेढे आणायचे असतात म्हणून आणले. गल्लीत वाटायलाही स्वतः गेले आणि मला बरोबर नेलं. बाया म्हणाल्या, "भाऊ, या वयात बाईनं कमाल केली!" बाबा म्हणाले, "हो ना," आणि पुढच्या दाराकडे वळले. ते असं तोंड करून पेढे देत होते, की एका म्हाताऱ्यानं घेण्याआधी विचारलं, "कोणाचं काय झालं, मधुकर?"

घरी आल्यावर त्यांनी रिकामा डबा ओट्यावर ठेवला. आई भाजी चिरत होती.

"आता काई इलाज नाई," बाबा म्हणाले. "दुकानाचं पुढं पाहू."

"ढोले सर नेमकं काय म्हणले होते?" आईनं विचारलं.

"शिकत असलेला विद्यार्थी पायजे म्हणले."

"मंग मी शिकत राहिली तर?"

"आता कशी शिकशील? तू तर पास झाली."

"एम.ए. असते ना," आई म्हणाली.

मी बाबांकडे पाहिलं, बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मार्चपासून आम्ही दोघांनी डोकं लावलं होतं. मी पदवीधर, ते डिक्शनरी घेऊन अटी वाचणारे. विद्यार्थी राहायचं तर नापासच व्हावं लागतं, याच्या पलीकडे आमची गाडी गेली नव्हती. पास होऊन आईला अजून पुढं जाता येईल, हे आम्हाला सुचलंच नाही. दुसऱ्या कुणाबद्दल सुचलं असतं. माझ्याबद्दल तर नक्कीच सुचलं असतं.

"एम.ए.?" बाबा परदेशातल्या गावाचं नाव घ्यावं तसे म्हणाले.

"अर्थशास्त्रात. आपल्याच कॉलेजात आहे. ढोले सरांनाही विचारून आली मी, चालते म्हणे."

"कधी विचारलं?"

"पेपरच्या दिवशी. येता येता."

बाबांचा चेहरा हळूहळू उजळला. त्यांना शब्द मोडल्याचा सगळा राग विसरायचाच होता, निमित्त हवं होतं. "अरे, मंग जमलंच की! दोन वर्षं निघतात!" ते लगेच स्कूटरची किल्ली शोधायला लागले. "फॉर्म आजच आणतो. अन् त्या दोन वर्षांनंतर?"

"त्याच्यानंतरचंही असते काही काही," आई म्हणाली. आम्ही दोघंही हसलो. तेव्हा आम्हाला तो विनोद वाटला.

जुलैत आम्ही तिघं लॅबमध्ये गेलो. नवा कॉम्प्युटर बाबांनी चादरीत गुंडाळून रिक्षातून आणला होता. रिक्षात त्यांनी आईकडून उत्तरं पाठ करून घेतली. मशीन कोणाचं? माझं. वापर कशासाठी? अभ्यासासाठी. आई खिडकीबाहेर पाहत उत्तरं देत होती.

ढोले सरांनी तारा जोडून दिल्या आणि खुर्ची ओढली. "बसा, मॅडम. सगळं विद्यार्थ्यानं स्वतः करायचं आहे. चालू करा."

आई बसली. तिनं बटन दाबलं. बारीक घुर्र आवाज झाला, दिवा लागला. "झालं," आई म्हणाली, पिशवी उचलली आणि खुर्ची मागे सारून उठली.

"कुठं निघालात?" सर म्हणाले.

"झालं ना."

"अहो मॅडम, आत्ता तर सुरू झालं!"

आई उभीच राहिली. पडद्यावर अक्षरं उमटत होती आणि ती त्यांच्याकडे पाहत होती. रोज सकाळी ती बटन दाबायची आणि आम्ही झालं म्हणायचो. त्यानंतर पडद्यावर काय येतं, ते तिनं एकदाही पाहिलेलं नव्हतं. तिला थांब म्हणून कुणी सांगितलं नव्हतं. मीही नाही, आणि मी तर दिवसभर त्याच खुर्चीत बसायचे. मी बाबांकडे पाहिलं. बाबा एसीकडे पाहत होते.

आई परत बसली. पिशवी तिनं मांडीवरून काढून खाली जमिनीवर ठेवली.

नंबर भला मोठा होता, अक्षरं आणि आकडे मिसळलेले. आई एका बोटानं एकेक अक्षर शोधत होती. बाबांना राहवलं नाही. ते वाकून म्हणाले, "ते पाय, खालच्या ओळीत..."

"तुम्ही नाही," सर म्हणाले. "विद्यार्थी."

बाबा दोन पावलं मागे सरकून भिंतीला टेकले. मीही त्यांच्या शेजारी उभी राहिले. ढोले सरांना पहिल्यांदाच लॅबमध्ये कुणी बसलेलं आवडलं असावं, कारण ते आईला घाई करत नव्हते. एक अक्षर चुकलं, तिनं ते कसं पुसायचं ते विचारलं, पुसलं, पुन्हा लिहिलं. मग सरांनी कंपनीत फोन लावला आणि आईला दोन प्रश्न विचारले.

"मशीन कुठं राहणार?"

"दुका..." बाबा म्हणाले.

"घरी," आई म्हणाली.

"वापर?"

"अभ्यासाले."

"सिंधू," बाबा भिंतीपासून म्हणाले, "अवं, लग्नाच्या ऑर्डरी..."

आईनं मान वळवली. तिच्या आवाजात टोमणा नव्हता, हे मला आजही सांगावंसं वाटतं. "तुमीच वाचून दाखवलं होतं ना. कॉम्प्युटर विद्यार्थ्याचा, वापर विद्यार्थ्याचा, अभ्यासासाठी. बिलही माझ्याच नावाचं आहे."

छापील अटीशी भांडायची बाबांची हिंमत उभ्या जन्मात झाली नव्हती. दुकानासाठी त्यांनी पुढे दिवाळीच्या आत दुसरं मशीन घेतलं, अस्सल सिस्टीमचे पुरे पैसे मोजून आणि स्वतःच्या नावावर. तोवर आम्ही समोरच्या दुकानदाराच्या तोंडाकडे पाहत दिवस काढले. पण ते सगळं नंतर. त्या क्षणी ते सरांना एवढंच म्हणाले, "बरोबर आहे. घरीच राहीन."

सर फोनवर बोलले. पडद्यावरचा निळा पट्टा पुढे सरकत गेला, सरकत गेला आणि एका ठिकाणी हिरवी खूण आली.

"झालं मॅडम," सर म्हणाले. "आता हे तुमचं. नेऊ शकता."

आम्ही दोघं पुढे झालो. बाबांनी चादर उलगडली. आई उठली नाही. तिनं माउसवर हात ठेवला होता आणि तो बाण पडद्याच्या एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात नेऊन पाहत होती. एका चित्रावर नेला, थांबली, दाबलं. काहीतरी उघडलं. ती जरा मागे सरली, मग पुन्हा पुढे वाकली.

"चाल," बाबा म्हणाले. "जेवणाची वेळ झाली."

"डब्यात पोळ्या आहेत," आई म्हणाली. पडद्यावरची नजर तिनं काढली नाही. "भाजी झाकून ठेवली आहे. तुमी दोघं व्हा पुढं."

बाबांनी सरांकडे पाहिलं. सर म्हणाले, "असू द्या, मी आहे इथं. फक्त दार लावून घ्या."

आम्ही दार लावून घेतलं. बाहेर व्हरांड्यात पोरापोरींची गर्दी होती. बाबा हातात रिकामी चादर घेऊन उभे राहिले.

"थांबू का मी तिच्यासाठी?" ते मला म्हणाले.

"नका थांबू," मी म्हटलं. "तिले रस्ता माहीत आहे."